दुसरी ओ

बाबांची बदली झाली त्या गावात घड्याळ एकच होतं, शाळेतलं, आणि बाबा किल्ली द्यायला विसरले की तेही बंद पडायचं. त्यानं कुणाचं काही अडत नसे. चिमूरपासून आत, रस्ता संपल्यावर आणखी दोन नाले ओलांडले की ते चाळीसेक घरांचं गाव लागायचं, आणि तिथली वेळ कानांवर चालायची. पहाटे शेजारच्या अंगणात उखळात मुसळ पडायला लागलं की माय चूल पेटवायची, गुरं सुटली की बाबा शाळा उघडायचे, आणि नाल्यापलीकडे मोर ओरडले की मला घरात बोलावलं जायचं. शाळेला लागून कवेलूच्या छपराच्या दोन खोल्या, ते आमचं घर. गावात बौद्धांचं घर आमचं एकच, बाकी सगळी गोंडांची. त्यांचे देव झाडाखाली, आमच्या बुद्धाची तसबीर भिंतीवर, आणि त्यावरून कुणी कुणाला कधी शब्दानं दुखवलं नाही. पौर्णिमेला बाबा मला आणि मायला समोर बसवून पंचशील म्हणून घ्यायचे. प्रत्येक शीलाचा अर्थही सांगायचे, जणू समोर सगळा वर्ग बसला आहे. मायला मधेच चुलीवरच्या भाताची आठवण यायची आणि ती उठून जायची. अर्थ ऐकायला मी एकटीच उरायचे.

फागुन सरता सरता मोह गळायला लागायचा. घरोघरच्या अंगणात फुलं वाळत पडायची, आधी लोण्याच्या रंगाची, मग हळूहळू मनुक्यासारखी लालसर. तो आंबूसगोड वास कपड्यांत, केसांत, पाण्याच्या माठातसुद्धा शिरायचा. पहिल्या वर्षी माय नाक मुरडून म्हणाली होती की हे तर दारूचं फूल, माझ्या घरात नको. दुसऱ्या वर्षी तीच सोमीच्या मायच्या ओसरीवर बसून फुलं किती वेळ उकडायची ते विचारत होती, आणि तिसऱ्या वर्षी भाजलेल्या तिळाबरोबर कुटून केलेले तिचे लाडू गावातल्या बायका मागून नेऊ लागल्या. मला आता साखरेचा आजार आहे, डॉक्टरांनी गोड बंद केलं आहे. पण तो लाडू कुणी पुढे केला तर मी डॉक्टरांचं ऐकेन अशी खात्री देत नाही.

सोमी म्हणजे शेजारची. माझ्याच वयाची, तेव्हा आम्ही बारा-तेरा वर्षांच्या असू. चौथीनंतर तिनं शाळा सोडली होती, पण मी शाळेतून आले की माझी पाटी ती आधी हिसकावायची आणि त्यावर मोर काढायची. तिच्या समोरच्या दोन दातांत फट होती, त्यातून ती शीळ घालायची. गावात मोहाची झाडं ज्याची त्याची ठरलेली असत. दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कुणी उचलत नसे, तिथं कुंपण नाही की पाटी नाही, तरी नसे. आम्ही बाहेरचे, आमचं झाड कुठून असणार? सोमीच्या मायनं आपल्या चार झाडांतलं एक मला दिलं. गुरुजींची पोरगी रोज नुसती बघत उभी राहते, तिलाही हात असतात, एवढंच ती म्हणाली.

मोह वेचायला उजाडता उजाडता जायचं. झाडं एकमेकांपासून लांब, मधे झुडपं, उतार, घळी. शेजारच्या झाडाखाली कोण आहे ते दिसत नसे. आणि त्याच वेळी त्याच फुलांसाठी अस्वलंही यायची. म्हणून गावाचा नेम होता की दोघी-दोघींनी जायचं आणि एकीनं दुसरीला आवाज द्यायचा. टोपलीचा तळ झाकला की एकदा, टोपली अर्धी झाली की एकदा, भरली की एकदा. ‘हूऽऽ’ करून नाव घ्यायचं, दुसरीनं ‘ओऽऽ’ म्हणायचं. सकाळी सगळं रान या हाकांनी भरलेलं असायचं. ओ आली की आवाज देणारी पुन्हा वाकून वेचायला लागायची, नाही आली तर टोपली टाकून शोधायला निघायची. मधलं काही नव्हतं.

ओ न देणाऱ्याला शिक्षाही एकच होती. त्याला पुन्हा कुणी आवाज द्यायचा नाही. ही शिक्षा किती मोठी, ते आम्ही लटारीभाऊत बघत होतो. हा मधल्या वयाचा, एकटा राहणारा माणूस. काही वर्षांमागे कुणाला न सांगता मोहाखालून घरी येऊन झोपला होता, आणि सगळं गाव दुपारपर्यंत त्याला रानात शोधत राहिलं. तलावाची मासोळी मारली की त्याचा वाटा त्याच्या दारात पोचायचा, लग्नाच्या पंगतीत त्याचं पान असायचं, त्याच्याशी सगळे बोलायचे. फक्त रानात त्याला कुणी आवाज देत नसे. तो एकटा वेचायचा, आणि मधेच स्वतःलाच हाक मारायचा, ‘हूऽऽ लटारीऽऽ’, आणि स्वतःच ओ द्यायचा. आम्ही पोरी तोंडाला पदर, ओढणी, काय असेल ते लावून हसायचो.

आता भांडणाचं सांगते. ते एवढं क्षुल्लक आहे की लिहितानाही लाज वाटते. मी फूल उचलण्याआधी त्यात मुंगी आहे का ते बघायची. आदल्या दिवशी नाल्यावर सोमीनं सगळ्या पोरींसमोर माझी नक्कल केली. दोन बोटांत फूल धरून, डोळ्यांजवळ नेऊन, मान वाकडी करून, फुंकर मारून. नक्कल हुबेहूब होती. सगळ्या हसल्या, तीही हसली आणि मला वाटलं, मी या गावची कधीच नव्हते, हे लोक मला इतके दिवस नुसतं सांभाळून घेत होते. मी घागर न भरताच घरी आले. दुसऱ्या दिवशी पहाटे ती नेहमीसारखी बोलवायला आली. मी तिच्याबरोबर गेले, पण रस्ताभर तोंड उघडलं नाही. तिच्या ते लक्षात आलं की नाही कोण जाणे. ती शीळ घालत होती.

माझ्या झाडाजवळ कमरेएवढं वारूळ होतं. मी टोपलीचा तळ झाकला आणि वारुळामागे जाऊन बसले. तिची हाक आली, ‘हूऽऽ इमलऽऽ’. माझं नाव विमल, पण त्या गावात मला कुणी विमल म्हटलं नाही. मी गप्प बसले. दुसरी हाक आली, थोडी मोठी. मी गप्पच. तिसऱ्या हाकेला तिचा आवाज बदलला, त्यात भीती होती, आणि मला आनंद झाला. हे वाक्य लिहायला मला आयुष्य लागलं. मुलं उगाच रुसतात, त्यांना कळत नाही, असं मी माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलींबद्दल त्यांच्या आयांना सांगितलं आहे. पण मला कळत होतं. आपल्यासाठी कुणीतरी घाबरावं असं मला वाटत होतं, आणि ती घाबरली होती. मला तेच हवं होतं.

मग पाचोळा वाजायला लागला. ती धावत येत होती. आमच्या दोन झाडांमधे एक उथळ घळ होती, नेहमी आम्ही तिला वळसा घालून जायचो. त्या दिवशी ती सरळ आली. आधी एक बारीक किंचाळी ऐकू आली, ती सोमीची नव्हती, अस्वलाच्या पिल्लाची होती. त्यानंतर जे ऐकू आलं ते मी लिहिणार नाही. मी वारुळामागून उठले नाही. पाय उचलतच नव्हते, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं, आणि ते खोटंही नाही. पण आवाज तर निघाला असता ना, तोही मी काढला नाही. पलीकडच्या उतारावरून लटारीभाऊ कुऱ्हाड झाडांवर आपटत, बोंबलत धावत आला. ज्याला आवाज द्यायचा नाही असं गावानं ठरवलं होतं, तो न बोलावता आला. अस्वलीण पिल्लांना घेऊन निघून गेली. त्यानं सोमीला खांद्यावर घेतलं आणि वळताना मला वारुळाआडून उठताना पाहिलं. तसाच गावाकडे धावत सुटला.

सोमीला खाटेवर घालून रस्त्यापर्यंत नेलं, तिथून बांबूच्या ट्रकमधून चंद्रपूरला. डावा डोळा गेला, डावा कान गेला, गाल आत ओढला गेला. ती दोन महिने दवाखान्यात होती, तिची माय तिच्याजवळ. त्या दोन महिन्यांत मला कुणी काही विचारलं नाही, कारण आधी आवाज देणाऱ्यानं सांगायचं, मग दुसऱ्यानं, असा तिथला रिवाज होता. गाव तिची वाट बघत होतं, मीही. माझ्या पोटात अन्न ठरत नसे. मोहाचा वास आला की ओकारी यायची, आणि वास तर सगळीकडे होता. मायला वाटलं की पोरगी भ्याली आहे, तिनं माझ्यावरून मीठमिरची ओवाळली आणि बाबा तिला त्याबद्दल रागावले. पुढे कॉलेजात मी वाचलं की माणसाला चूक डोक्याआधी पोटात कळते, भाषा येण्याच्या कितीतरी आधीपासून ती तिथंच कळत आली आहे. मला ते पुस्तकात वाचायची गरज नव्हती.

सोमी परत आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चिंचेखाली गाव बसलं. तिच्या डोक्याला अजून पट्टी होती. ती मायच्या अंगाला टेकून बसली होती आणि एकाच डोळ्यानं समोरच्या मातीकडे बघत होती. मी बाबांच्या मागे उभी होते. बाबांना काही माहीत नव्हतं, ते तिच्या तब्येतीची चौकशी करायला आल्यासारखे उभे होते. मला आठवतं की मी लटारीभाऊकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, आता आपण दोघं. मग पाटील, गावातला सगळ्यात म्हातारा माणूस, हळू आवाजात म्हणाले,

“बाई, तू आवाज देला होता?”

“हो. तीनदा.”

“मंग इमलनं ओ देली का नाई?”

सोमीनं मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं.

“देली होती,” ती म्हणाली. “मलेच आयकू नाई आली.”

तिची माय तिला एकदम हिसडा देऊन म्हणाली, “कान कुठी होता तुहा?” आणि मग त्याच पट्टी बांधलेल्या डोक्याला छातीशी धरून रडायला लागली. गाव उठलं. लटारीभाऊ जाता जाता माझ्यासमोर क्षणभर थांबला, आणि खाली बघत निघून गेला. त्यालाही माहीत होतं. दोघांना माहीत होतं आणि दोघांनी मला सोडलं. मी तेव्हा बोलू शकले असते. एक शब्द पुरला असता. पण मी बाबांचा हात धरला आणि घरी आले, आणि मायनं केलेला भात त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या पोटात ठरला. याची मला सगळ्यात जास्त शरम वाटते, की तो ठरला.

पुढच्या पौर्णिमेला बाबा चौथ्या शीलाशी आले, खोटं न बोलण्याच्या. अर्थ सांगताना त्यांनी विचारलं, खोटं बोलल्यानं कुणाचं नुकसान होतं? मी म्हटलं, ज्याच्यासाठी बोललं त्याचं. बाबा खूश झाले. पोरगी विचार करते, असं त्यांनी मायला आत जाऊन सांगितलं.

त्यानंतरच्या मोसमात एक सकाळ अशी आली की पाटलांनी स्वतः रानात आवाज दिला, ‘हूऽऽ लटारीऽऽ’. सगळ्या झाडांखालचे हात थांबले. ओ आली नाही. पाटलांनी पुन्हा दिला. मग लांबून ओ आली, फार दबकी, आपल्यालाच बोलावलं का असं विचारल्यासारखी. मी त्या एका सकाळी मायबरोबर आले होते, माझ्या झाडाखाली बसून रडले. सोमी आता वेचायला दुसऱ्या बाईबरोबर जात होती. तिनं मला नाकारलं नव्हतं, मीच मायला सांगितलं होतं की मला अभ्यास आहे.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण त्यात गावाचा भाग कमी आहे. मी चंद्रपूरला मामांकडे शिकायला गेले, जीवशास्त्र घेतलं, तिथंच शिक्षिका झाले, ऊर्जानगरच्या वीजकेंद्रातल्या माणसाशी लग्न केलं, आणि निवृत्तही झाले. दरवर्षी एक धडा यायचा, प्राणी एकमेकांना सावध कसे करतात त्याचा. मी मुलांना सांगायची, झाडाच्या शेंड्यावरचं वांदर बिबट दिसला की खाकरतं. खरं तर त्यानं गप्प बसावं, ओरडल्यानं ते स्वतःच नजरेत येतं. पण ज्या कळपांत ओरडणारे होते ते कळप टिकले, म्हणून ओरडणं टिकलं. आपली माया, आपली शरम, आपला न्याय, सगळ्यांची मुळं अशीच खोल गेलेली आहेत. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, “मॅडम, अन् जे गप्प बसले ते?” मी खडू खाली ठेवला. म्हटलं, तेही टिकले, त्यांचीही पिल्लं वाढली. मुलं हसली. मी पाणी प्यायला बाहेर गेले.

सोमीच्या खोट्याचा हिशेब मात्र मला कुठल्याच पुस्तकात लागला नाही. ती माझ्या रक्ताची नव्हती. मी परतफेड करीन म्हणावं तर ती करायला मी गावात राहणार नव्हते, हे तिला माहीत होतं. तिचं लग्न झालं नाही. भावाच्या घरी राहिली, त्याची पोरं वाढवली, पोरांची पोरं वाढवली. आणि हाक ऐकू न येणारी, बेसावध पोरगी हा बट्टा तिनं जन्मभर स्वतःवर घेतला, तो माझा होता. माझी मुलगी लहान असताना तिला घेऊन मी एकदा गेले होते, सांगायचंच असं ठरवून. सोमी अंगणात सुपानं धान पाखडत होती. मी म्हटलं, सोमे, त्या दिवशी मी वारुळामागं... तिनं सूप थांबवलं नाही.

“तुनं ओ देली होती, इमल,” ती म्हणाली. “गावात सगळ्याइले मालूम आहे. आता तू एकटीच येगळं बोलशील तं कोण आयकन?”

तिच्या आवाजात राग होता की माया, ते मला अजूनही ठरवता येत नाही. दोन्ही असावं. तिनं मग माझ्या मुलीला जवळ घेतलं आणि विचारलं की हीही फुलात मुंगी बघते का. मी हसायला गेले आणि हसता आलं नाही. निघताना तिनं वाळलेल्या मोहाचं गाठोडं दिलं. मी ते घरी आणून वर्षभर फडताळात तसंच ठेवलं, आणि शेवटी किडे पडले म्हणून माझ्या नवऱ्यानं टाकून दिलं.

ती गेल्या पावसाळ्यात तापानं गेली. मला कळलं दिवाळीनंतर. रडू आलं, पण त्यात एक सुटल्याची भावनाही होती, तीही लिहून ठेवते.

यंदा मोहाच्या दिवसांत मी गेले. आता गावापर्यंत डांबरी रस्ता आहे आणि वाघ आहे. पहाटे रानात जाऊ नका असं सांगणारा फलक नाल्यापाशी लावला आहे, आणि त्याच्या बाजूनंच बायका टोपल्या घेऊन जातात. सोमीच्या भावाची नात रैना, नऊ-दहा वर्षांची, मला म्हणाली की चल आजी, तुले सोमी आजीचं झाड दाखवतो. वाटेतच मला रानातून हाका ऐकू आल्या, तशाच. पण काहीतरी वेगळं होतं. एकीनं आवाज दिला की दुसरीची ओ यायची, मग थोडं थांबून तिचीच पुन्हा ओ यायची. प्रत्येक हाकेला दोन. मी रैनाला विचारलं की हे दोनदा काऊन?

“आमच्या सोमी आजीनं लावलं,” ती म्हणाली. “एक ओ वाऱ्यावर जाते. आजी लहान होती तवा एका पोरीनं तिले ओ देली होती, आजीले आयकूच नाई आली, म्हून अस्वलीनं धरलं. आता एक ओ द्याची, थांबाचं, मंग दुसरी द्याची. दुसरी नाई आली तं आमी पाह्याले जातो.”

“ती पोरगी कोण होती?”

“काय मालूम. चांगली होती म्हणे. आजी म्हणे, तिचा काई दोष नोता.”

ज्या झाडाखाली तिनं मला आणलं ते माझं झाड होतं. वारूळ आता नाही, पावसानं विरघळून तिथं नुसता उंचवटा राहिला आहे. रैना मला बसवून पलीकडच्या झाडाखाली गेली, घळीच्या त्या बाजूला. झुडपांतून ती दिसेनाशी झाली. मला वाकवत नाही, तरी बसल्या जागी हात पुरेल तेवढी फुलं मी ओच्यात गोळा करत होते, मुंगी न बघता. थोड्या वेळानं हाक आली, ‘हूऽऽ आजीऽऽ’. मी ओ दिली. आवाज घोगरा निघाला, पण तिच्यापर्यंत पोचला असावा, कारण पलीकडे सगळं शांत झालं. ती थांबली होती. मी तोंड उघडलं आणि गळ्यातून काही निघेना. त्या शांततेत मला आधी काही कळलं नाही, मग पाचोळा वाजायला लागला. पावलं माझ्या दिशेनं निघाली होती, सरळ, घळीकडे. मी झाडाला धरून उभी राहिले आणि छातीत होतं नव्हतं ते सगळं लावून ओरडले, ओऽऽ.

पाचोळा थांबला. मग तो परत तिच्या झाडाकडे वाजत गेला.